गाडीमागचा 'एम', 'एएमजी' आणि 'आरएस': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचा चुकारा हातात पडला, वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग व्यापाऱ्याला गेली, की जुन्या जर्मन गाड्यांची विचारपूस सुरू होते. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तर जास्तच. विचारणारा पहिला फोटो पाठवतो तो गाडीच्या मागच्या बाजूचा, बॅज जवळून काढलेला. इंजिनचा आणि आरसीचा फोटो मागून घ्यावा लागतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली दिले आहेत. किमती मुद्दाम दिल्या नाहीत, त्या दर काही महिन्यांनी बदलतात.

१. एम, एएमजी, आरएस म्हणजे नेमकं काय? वेगळ्या कंपन्या आहेत का?

कंपन्या आहेत, पण मोठ्या कंपनीच्या पोटातल्या. बीएमडब्ल्यूने १९७२ मध्ये शर्यतीच्या कामासाठी वेगळी कंपनी काढली, तिचं नाव १९९३ पासून 'एम'. ऑडीची अशीच कंपनी १९८३ ची, आधी क्वाट्रो नावाची, २०१६ पासून ऑडी स्पोर्ट. तिच्या सगळ्यात जोरदार गाड्यांना आरएस म्हणतात. एएमजीची गोष्ट उलटी आहे. १९६७ मध्ये आउफ्रेख्ट आणि मेल्शर या दोघांनी ती मर्सिडीजच्या बाहेर राहून सुरू केली. त्या दोघांची आडनावं आणि ग्रोसआस्पाख हे गाव मिळून ए-एम-जी झालं. १९७१ च्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत त्यांची अवजड मर्सिडीज दुसरी आली आणि नाव झालं. मर्सिडीजने पुढे हिस्सा घेतला आणि २००५ मध्ये पूर्ण कंपनीच विकत घेतली.

२. एम स्पोर्ट आणि एम यात फरक काय? एम तर दोन्हीवर आहे.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर. एकाच अक्षराच्या तीन पायऱ्या आहेत.

खालची पायरी 'एम स्पोर्ट'. यात बंपर वेगळे, स्टिअरिंग जाड, अलॉय मोठे, खिडक्यांच्या क्रोमच्या जागी काळी पट्टी, आतलं छत काळं. इंजिन मात्र साध्या ३२० किंवा ३३० मॉडेलचंच. पुढच्या मडगार्डवर तीन रंगांच्या पट्ट्यांसह छोटा एम असतो, आणि फोटोत तोच दाखवला जातो.

मधली पायरी 'एम परफॉर्मन्स'. उदाहरणार्थ एम३४०आय, जी चेन्नईत जोडली जाते. यात सहा सिलिंडरचं ३ लिटर इंजिन, ३७४ हॉर्सपॉवर, शिवाय ब्रेक, सस्पेन्शन आणि मागचा डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) वेगळा. तीच गाडी ३३०आय म्हणून घेतली तर २ लिटर आणि २५८ हॉर्सपॉवर.

वरची पायरी नुसती 'एम'. एम३, एम४, एम५. २०२१ च्या एम४ कॉम्पिटिशनला ५१० हॉर्सपॉवर. इंजिनचं घराणं तेच असलं तरी आतलं बरंच काही नवं असतं. बीएमडब्ल्यूच्या इंजिन कोडमध्येही हे दिसतं: एम३४०आयचं इंजिन बी५८, एम३ आणि एम४ चं एस५८. मागच्या डिकीवर एम च्या पुढे एकच आकडा असेल (एम३, एम५) तर ती वरची पायरी, तीन आकडे असतील (एम३४०आय) तर मधली. डिकीवर एम नाही आणि फक्त मडगार्डवर आहे, तर खालची.

आणखी एक घोळ आहे. 'एम परफॉर्मन्स' याच नावाने शोरूममध्ये सुटे भागही मिळतात: कार्बनचा स्पॉइलर, आरशाची कव्हरं, काळी जाळी. ते साध्या डिझेल ३२०डीलाही बसतात. त्यामुळे विकणारा "एम परफॉर्मन्स आहे" म्हणाला तर गाडी म्हणतोय की स्पॉइलर, हे आधी विचारा.

३. ऑडी, मर्सिडीजचंही असंच का? आणि ह्युंदाई, फोक्सवॅगनचं काय?

पायऱ्या तशाच, नावं वेगळी. ऑडीत एस लाइन म्हणजे फक्त नटवलेली, एस म्हणजे मधली, आरएस म्हणजे वरची. एस५ ला ३५४ हॉर्सपॉवर, आरएस५ ला ४५०. मर्सिडीजमध्ये एएमजी लाइन ही नटवलेली, ३५, ४३, ५३ हे आकडे मधले, आणि ६३ वरचे. ए-क्लासमध्ये ४५ एस ही सगळ्यात वर. भारतातली ए २०० ही १६३ हॉर्सपॉवरची, ए ३५ ही ३०६ ची, ए ४५ एस ही ४२१ ची. दुरून तिन्ही बहिणी दिसतात. लेक्ससची एफ स्पोर्ट आणि एफ, जॅग्वारची आर-डायनॅमिक आणि आर, यांतही हाच खेळ.

आपल्या तालुक्यात जास्त दिसणाऱ्या गाड्यांत 'लाइन' हा शब्द लक्षात ठेवा. ह्युंदाईच्या एन लाइनमध्ये इंजिन टर्बो मॉडेलचंच असतं. आय२० एन लाइनला सस्पेन्शन थोडं कडक, मागे डिस्क ब्रेक आणि सायलेन्सरचा आवाज वेगळा मिळतो, म्हणजे अगदीच रंगरंगोटी नाही. पण ती १२० हॉर्सपॉवरची, तर युरोपात विकलेली खरी आय२० एन २०४ ची. फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये 'जीटी लाइन' १ लिटरची आणि 'जीटी प्लस' १.५ लिटरची. एका शब्दापायी ११५ आणि १५० एवढा फरक पडतो. उलट टाटाच्या अल्ट्रोझ रेसरला जर्मन बॅज नाही, पण तिचं १२० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन साध्या अल्ट्रोझमध्ये मिळत नव्हतं. नावापेक्षा कागदावरचा आकडा बघा.

४. ३२० म्हणजे २००० सीसी, मग ३३० म्हणजे ३००० सीसी ना?

पूर्वी बऱ्याच अंशी तसं होतं. ऐंशीच्या दशकातली ३२५आय खरोखर २.५ लिटरची. आता इंजिनं लहान झाली, टर्बो आले आणि आकडा फक्त "याच्यापेक्षा वर, त्याच्यापेक्षा खाली" एवढंच सांगतो. ३२०डी आणि ३३०आय दोन्ही २ लिटर. मर्सिडीजची आताची सी २०० तर १.५ लिटर. ऑडीने २०१७ पासून ३५, ४०, ४५, ५५ असे आकडे लावले. ते सीसी नाहीत, ताकदीचे गट आहेत.

एएमजीचा ६३ हाही आता जुन्या ६.३ लिटरच्या नावाची आठवण एवढाच. तो ज्या इंजिनला पहिल्यांदा लागला, तेही ६,२०८ सीसीचंच होतं.

५. स्पोर्ट पॅकेज (एम स्पोर्ट, एस लाइन, एएमजी लाइन) घेतलं की गाडी जास्त पळते का?

नाही. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, वर टायर रुंद आणि चाक जड. सरळ रस्त्यावर फरक पडलाच तर उलटा पडेल. वळणावर कडक सस्पेन्शनचा फायदा होतो, पण भारतात येणाऱ्या बऱ्याच गाड्या आपल्या रस्त्यांसाठी थोड्या उंच ठेवलेल्या असतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओत सांगितलेलं इथल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

आवाजावरही जाऊ नका. २०११ च्या खऱ्या एम५ मध्येसुद्धा इंजिनचा आवाज स्पीकरमधून आत सोडलेला होता. मागे दिसणारे दोन-दोन सायलेन्सरही वाकून पाहा. अनेक गाड्यांत ती बंपरमध्ये बसवलेली चौकट असते, आणि खरा पाइप आत खाली तोंड करून असतो.

६. गावाकडच्या रस्त्यांवर स्पोर्ट पॅकेज परवडतं का?

विकत घेताना परवडतं, टायरला परवडत नाही. याचं गणित टायरवरच लिहिलेलं असतं. २२५/५० आर१७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची त्याच्या ५० टक्के, ११२ मिलिमीटर. स्पोर्ट पॅकेजमध्ये हेच २२५/४० आर१९ झालं की उंची ९० वर येते. मागे २५५/३५ आर१९ असेल तर ८९. खड्ड्यात चाक गेल्यावर मार खाणारं रबर दोन-सव्वादोन सेंटिमीटरने कमी. जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा तुटलेला काठ किंवा गावच्या वेशीवरचा पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक रात्री समोर आला, की टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा रिम वाकतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. बदलावाच लागतो, आणि ते माप तालुक्याला मिळत नाही. नागपूर किंवा पुण्याहून मागवावं लागतं.

पुढची आणि मागची मापं वेगळी असतील तर टायर पुढचे मागे, मागचे पुढे करता येत नाहीत. मागचे लवकर झिजतात, खर्च वाढतो.

बऱ्याच जर्मन गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात आणि डिकीत स्टेपनी नसते. हवा पूर्ण गेल्यावर असा टायर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतो. पुण्याच्या माणसाला तेवढं पुरतं. पुसद किंवा सिरोंच्याहून नागपूर त्याच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय हे टायर रिमवरून काढायला नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मशीन नसतं, आणि पहारीने काढायला बसला तर रिमचं काम आटोपलंच.

माझा सल्ला: स्पोर्ट पॅकेजची गाडी आवडली तर घ्या, पण त्याच मॉडेलला कंपनीने मान्य केलेलं लहान रिमचं माप कोणतं ते विचारून घ्या. १९ ऐवजी १७ किंवा १८ लावले तर रुबाब थोडा जातो, झोप परत येते. खऱ्या एम किंवा आरएसला मात्र मोठे ब्रेक असल्याने लहान रिम सहसा बसत नाही.

समृद्धीवर चालवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. सिमेंटचा रस्ता, मे महिन्यात ४५ अंशांच्या वरचा पारा आणि तासन्‌तास ताशी १२० चा वेग, यात जुना टायर टिकत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. वर्षात थोडी चाललेली गाडी असेल तर नक्षी कोरी आणि टायर म्हातारा, असं हमखास सापडतं.

७. एक्सड्राइव्ह किंवा क्वाट्रो लिहिलेली गाडी पावसाळ्यात पांदणीतून निघेल का?

काळ्या मातीत नाही. हे बॅज चारही चाकांना ताकद मिळते एवढंच सांगतात. डांबरावर, ओल्या रस्त्यावर, घाटात त्याचा खरा उपयोग आहे. पण कपाशीच्या रानातली चिकण माती रस्त्याच्या टायरच्या नक्षीत भरली की चारही चाकं एकाच वेळी गरगरतात, आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं. तिथे उंची आणि टायर लागतात, बॅज लागत नाही. ट्रॅक्टर बोलवायची वेळ आलीच तर ओढायचा हूक कुठे आहे ते आधी पाहून ठेवा: तो डिकीत असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून फिरवून बसवतात. एक्सलला दोर बांधू देऊ नका.

८. भाऊ, दिल्लीची एम५ हाय म्हणते, डिझेल, लय स्वस्त. घेऊ का?

डिझेलची एम५ बीएमडब्ल्यूने बनवलीच नाही. एम३ ही नाही. म्हणजे तुम्हाला दाखवलेली गाडी बहुतेक ५२०डी आहे, वर बंपर आणि बॅज चढवलेली. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून अशा गाड्या स्वस्तात बाहेर पडत आल्या आहेत. गाडी वाईटच असेल असं नाही, पण भाव ५२०डीचा द्या.

ओळखायचं कसं? आधी आरसी. तिच्यावर इंधन आणि सीसी असतं. ५२०डीचं १९९५, तर २०११ नंतरच्या एम५ चं ४३९५. मग चेसिस नंबर: जर्मनीत बनलेल्या खऱ्या एम३, एम५ चा डब्ल्यूबीएस ने सुरू होतो, साध्या बीएमडब्ल्यूचा डब्ल्यूबीए ने. ऑडीत आरएसचा डब्ल्यूयूए, बाकी बहुतेकांचा डब्ल्यूएयू. नंबर काचेखाली आणि बॉनेटखाली कोरलेला असतो. तो आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा.

यानंतर चाकाच्या आड टॉर्च मारा. खऱ्या स्पोर्ट गाडीचा ब्रेक कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) जाडजूड असतो आणि डिस्क जवळजवळ रिम भरून टाकते. अमरावतीत पाहिलेल्या एका गाडीत लाल कॅलिपरवर बॅज होता, बोट लावल्यावर हलला. प्लास्टिकचं कव्हर, आत साधा कॅलिपर, आणि मधोमध उष्णतेने पिवळं पडलेलं. अशी कव्हरं ब्रेकची हवाही अडवतात, त्यामुळे घेतलीत तर काढून टाका. एएमजी ६३ च्या व्ही८ इंजिनवर ते जोडणाऱ्या कारागिराच्या सहीची पट्टी असते. ती पट्टीही बाजारात मिळते, म्हणून तिच्यावर एकटीवर भरवसा नको.

परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. एमएच-२७ किंवा एमएच-२९ पडेपर्यंतचा हा खर्च धरूनच "स्वस्त" म्हणा.

९. म्हणजे डिझेल गाडीवरचा स्पोर्ट बॅज खोटाच?

नाही, हे अपवाद आहेत. ऑडीची २०१६ ची एसक्यू७ डिझेलमध्ये खरी आहे, त्याआधी एसक्यू५ ही होती. बीएमडब्ल्यूने २०१२ मध्ये तीन टर्बोची एम५५०डी काढली. या सगळ्या मधल्या पायरीच्या गाड्या. पण त्या इथे क्वचितच दिसतात, आणि फक्त बॅज पाहून त्यावर विश्वास ठेवू नये.

उलटा अपवाद आरसीचा. २०२२ मध्ये आलेल्या मर्सिडीज सी ६३ एस ई परफॉर्मन्सवर मागे ६३ आणि आरसीवर १९९१ सीसी. प्रश्न ८ वाचून कोणी तिला खोटी म्हणेल, पण ती खरी आहे: चार सिलिंडरचं इंजिन, जोडीला मागे इलेक्ट्रिक मोटर, मिळून ६८० हॉर्सपॉवर. तिसरा अपवाद रंगीत कड्यांच्या बीएमडब्ल्यू चिन्हाचा. २०२२ मध्ये एमला ५० वर्षं झाली म्हणून जुनं तिरंगी चिन्ह परत आलं, पण ते एम स्पोर्ट गाड्यांवरही बसलं. त्यावरून पायरी कळत नाही.

१०. गाडीच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. काढून टाकलंय का?

कदाचित कारखान्यातूनच तशी आली असेल. बीएमडब्ल्यूत मॉडेलचं नाव न लावण्याचा पर्याय आहे, ऑप्शन कोड ३२०. काही जण महागडी गाडी घेऊन मुद्दाम नाव लावत नाहीत, काही जण ३२०डी घेऊन ३२०डी दिसू नये म्हणून काढतात. दुसरे जास्त. आरसी आणि चेसिस नंबरवरून तपासा (प्रश्न ८).

११. मी माह्या गाडीले एम३ चा लोगो लावला तं पोलीस पकडतीन का?

लोगोसाठी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, आणि नाव चिकटवल्याने रचना बदलत नाही. पण लोगोबरोबर जे येतं ते अडचणीचं. सायलेन्सर बदलला, चाकं मडगार्डबाहेर आली, तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजासाठी वेगळं कलम आहे, त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. नंबरप्लेट एचएसआरपीच हवी. तिच्या कोपऱ्यात एम चे पट्टे चिकटवले तर त्यासाठी थांबवतील.

पकडलं नाही तरी एक धोका उरतो. विकताना तीच गाडी एम३ म्हणून खपवली तर ती फसवणूक होते, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट कोणाकडे तरी असतोच.

१२. विम्यात स्पोर्ट पॅकेज धरतात का?

कारखान्यातून आलेलं असेल तर हो, कारण विम्याची रक्कम त्या व्हेरिएंटच्या किमतीवरून ठरते. पॉलिसीवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव आहे का ते बघा. एम स्पोर्टऐवजी साधं मॉडेल छापलेलं असेल तर बंपरच्या क्लेमला वाद होईल. बाहेरून लावलेले अलॉय, स्पॉइलर, बॉडी किट हे वेगळं कळवून, जादा प्रीमियम भरून पॉलिसीत घ्यावं लागतं. न कळवलेल्या वस्तूचे पैसे सहसा मिळत नाहीत.

१३. पेट्रोल कोणतं टाकायचं? आमच्याकडे १०० ऑक्टेन मिळत नाही.

टाकीचं झाकण उघडा, आतल्या बाजूला कमीत कमी किती ऑक्टेन हवं ते छापलेलं असतं. साध्या एम स्पोर्टला अडचण येत नाही. वरच्या पायरीच्या इंजिनांना जास्त ऑक्टेन मानवतं. कमी मिळालं तर कॉम्प्युटर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो, इंजिन वाचतं, पण ज्यासाठी पैसे मोजले ती ताकद उन्हाळ्यात मिळत नाही. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉल चालतं का, तेही त्याच झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहा.

१४. विकताना बॅजचे पैसे परत मिळतात का?

नटवलेल्या पायरीचे थोडे, कारण घेणाऱ्यालाही तीच हवी असते. मधल्या पायरीची गाडी माझ्या मते सगळ्यात शहाणी: पुढे गिऱ्हाईक मिळतं आणि रोज चालवताही येते. खऱ्या एम, आरएसला आपल्याकडे गिऱ्हाईक थोडं. ती नागपूरला किंवा थेट पुण्या-मुंबईला नेऊन विकावी लागते, आणि घेणारा सर्व्हिसची प्रत्येक पावती मागतो. बाहेरून लावलेल्या बॅजचे पैसे शून्य.

१५. आधीच्या मालकाने लावलेला खोटा बॅज काढायचा आहे. रंग निघेल का?

बहुतेक बॅज दुहेरी टेपवर असतात. हेअर ड्रायरने गरम करा, मागून मासे धरायचा नायलॉन दोरा करवतीसारखा फिरवा, उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसून शाम्पूने धुवा. पत्र्याचं काहीही खुपसू नका. काही जुन्या बॅजना मागे दोन खुंट्या आणि डिकीत दोन भोकं असतात. ती निघाली तर भोकं बुजवून रंग द्यावा लागेल. आपल्या उन्हात बाकीचा रंग उडालेला असतो, त्यामुळे अक्षरांची सावली काही दिवस दिसते. रबिंग-पॉलिशने ती बरीच कमी होते. लाल रंगावर मात्र पूर्ण जात नाही.